रेहानानं काढून टाकलेलं प्रकरण

फोन आला तेव्हा मी मूल गावातल्या आमच्या शाळेत सातवीच्या वह्या तपासत बसले होते. रेहानाचे थोरले भाऊ, सलीमभाऊ, एवढंच म्हणाले, "शोभाबाई, रेहाना गेली." आणि तिला दवाखान्यात पाहून आले असूनही मी सवयीनं विचारलं, "कुठी?" त्यात माझं फारसं चुकलं नव्हतं. ओळख झाली तेव्हापासून रेहाना सतत कुठंतरी गेलेलीच असायची. कधी अहेरीला, कधी सिरोंच्याला, कधी धानोऱ्याच्या पुढं कुठल्या तरी गावी, जिथून शेवटची एसटी दुपारीच सुटते. पलीकडून सलीमभाऊंनी दफनाची वेळ सांगितली, तेव्हा मला कळलं. काविळीचं निमित्त झालं आणि नागपूरच्या दवाखान्यात अकरा दिवसांत सगळं संपलं. तिला अजून बत्तिसावं लागायचं होतं.

याला आता पाच आठवडे झाले. गडचिरोलीच्या तिच्या कॉलेजात शोकसभा झाली, तिच्या शिकवण्याबद्दल लोक भरभरून बोलले. ते सगळं खरं आहे. पण तिच्या आयुष्यातली एक गोष्ट तिथं कुणी सांगितली नाही, कारण ती माझ्याशिवाय फार थोड्यांना ठाऊक आहे. त्या गोष्टीत मी चुकीच्या बाजूला उभी होते, हेही मीच सांगायला हवं.

आमची भेट चंद्रपुरात एम.ए.च्या वर्गात झाली. जनसंवादाचा तो अभ्यासक्रम तेव्हा नवाच सुरू झाला होता. वर्गात आम्ही चौदा जण, त्यात मुली तीन. मी सिंदेवाहीकडच्या धानवाल्या शेतकऱ्याची पोर, घरातली पहिली पदवीधर. रेहाना चंद्रपूरचीच. जटपुरा गेटच्या आत तिच्या वडिलांचं, इब्राहिमचाचांचं, रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं, आणि शाळेत असल्यापासून ती तिथं बसून सोल्डरिंग करायची. तिच्या उजव्या तर्जनीवर भाजल्याचा जुना पांढरट डाग होता. कॉलेजात दोनच कॉम्प्युटर होते. चपला बाहेर काढून आत जायचं, कापडी झाकण काढायचं, घडी करून ठेवायचं आणि मग शिपाईभाऊ बटण दाबणार, अशी पद्धत. पहिल्याच दिवशी रेहानानं शिपाईभाऊंना विचारलं, "भाऊ, मीच बटण दाबली तं फुटंल का तो?" ते हसले, आणि त्या दिवसापासून बटण तिचं झालं.

दुसऱ्या वर्षाला 'डिजिटल माध्यमे आणि समाज' असा एक पेपर होता. पुस्तकं सगळी परदेशी. त्यातली घरं, त्यातली मुलं, त्यांच्या खोल्यांतले कॉम्प्युटर, सगळं आम्ही पाठ करत होतो. प्रबंधाचे विषय ठरायची वेळ आली तेव्हा सर्वांनी नागपूर घेतलं. रेहाना म्हणाली, "अहेरी." आमचे सर हुशार होते, मनानंही वाईट नव्हते. ते म्हणाले, "अगं, अहेरीत एक सायबर कॅफे उघडलाय, तोही वीज असली तर. तिथं काय अभ्यास करणार?" ती म्हणाली, "सर, नागपूरचं कोणीबी लिहून देईल. तिथी सुरू होऊन गेलं. अहेरीत आता सुरू होऊन राह्यलं. सुरू होताना कसं दिसते, ते मले पाह्यचं हाय." सरांनी सही केली.

एकटीला तिला घरून सोडत नसत, म्हणून मीही जायची. बल्लारपूर, गोंडपिपरी, आष्टी, आलापल्ली असा चार-साडेचार तासांचा प्रवास. मध्ये पोलिसांनी एसटी थांबवून घेतलेली झडती, पिशव्या उघडून दाखवा, कुठं चाललात, कशाला चाललात. "कॉम्प्युटरचा अभ्यास करायला" असं सांगितलं की ते आमच्याकडं पाहत आणि मग बाहेरच्या सागवानाकडं पाहत. अहेरीत रेहानाची खाला, म्हणजे मावशी, राहायची, तिच्या नवऱ्याचं बांगड्यांचं दुकान होतं. तिथं आमचा मुक्काम. रेहाना सकाळपासून त्या तीन कॉम्प्युटरच्या कॅफेत कोपऱ्यातल्या स्टुलावर वही घेऊन बसायची. कोण येतं, काय पाहतं, परत जाताना कुणाशी काय बोलतं, सगळं टिपायची. आठवडी बाजाराच्या दिवशी एका म्हाताऱ्या शेतकऱ्यानं दारातूनच विचारलं होतं, "बाई, या डब्यात माहा सातबारा दिसते का?" हा प्रश्न तिनं वहीत लिहिला आणि त्याखाली दोन रेघा ओढल्या. मला म्हणाली, "पुस्तकात हा प्रश्न कुठीच नाई, शोभा."

तिसऱ्या खेपेला ती घटना घडली. जिची ही गोष्ट, तिला मी सुनंदा म्हणते. हे तिचं खरं नाव नाही. जवळच्याच एका गावातून सायकलनं अहेरीला बारावीला येणारी ही मुलगी. कुणीतरी तिच्या फोटोचं, नावगावासह, इंटरनेटवर एक पान तयार केलं होतं आणि खाली नको ते लिहिलं होतं. ते पान पाहायला पोरांच्या रांगा लागल्या. मग कुणी त्याचे कागद छापले आणि एक कागद बसस्टँडच्या भिंतीवर चिकटवला. दोन दिवसांत सुनंदाची सायकल घरात उभी राहिली. वडिलांनी कॉलेज बंद केलं. सिरोंच्याकडचं एक स्थळ आलं होतं, त्याला होकार कळवायचं ठरलं.

रेहानानं भिंतीवरचा कागद स्वतः पाण्यानं भिजवून सोडवला आणि पिशवीत ठेवला. मग कॅफेवाल्याकडून एक कॉम्प्युटर मागून घेतला आणि ते पान ज्या कंपनीच्या साइटवर होतं तिला इंग्रजीतून पत्र लिहायला बसली. शब्दकोश माझ्या मांडीवर. फोनची लाइन तुटायची, लिहिलेलं जायचं, पुन्हा पहिल्यापासून. संध्याकाळी कधीतरी पत्र गेलं. दुसऱ्या दिवशी आम्ही सुनंदाच्या गावी गेलो.

तिचे वडील ओसरीत बसले होते. त्यांनी आम्हाला पाणी दिलं, पण बसा म्हटलं नाही. रेहाना उभ्यानंच बोलली. ते ऐकत होते आणि मध्येच म्हणाले, "बाई, ते साऱ्या जगात दिसून राह्यलं म्हंतात. आता जगातून कसं पुसता?" मला वाटलं, ही काहीतरी धीराचं बोलेल. ती म्हणाली, "भाऊ, पान निघंल. छापलेले कागद मले नाई काढता येत, खोटं काऊन सांगू? पण एक गोष्ट पाहा." तिनं सुनंदाला परीक्षेचं प्रवेशपत्र आणायला सांगितलं. मग पिशवीतून तो कागद काढला. वर फक्त फोटो दिसेल अशी त्याची घडी तिनं आधीच घातली होती. दोन्ही शेजारी शेजारी जमिनीवर ठेवले. तोच फोटो होता. तीच लाल रिबीन, मागं तोच निळा पडदा, तीच डाव्या खांद्यावर जरा वाकडी झालेली ओढणी.

वडील खाली वाकले. प्रवेशपत्रावरच्या फोटोवर बोट ठेवलं. मग म्हणाले, "हा तं... मीच काढून आणला होता. माह्या संगं गेली होती ते स्टुडिओत."

"हो, भाऊ. तिनं फोटो फक्त परीक्षेसाठी देला. चोरी दुसऱ्यानं केली. सजा तिले काऊन?"

ते उठून आत गेले. आतून बायकोशी बोलल्याचा आवाज आला. बाहेर आले तेव्हा हातात चटई होती. ती त्यांनी अंथरली आणि म्हणाले, "बसा. चहा घेऊन जा." सुनंदा बारावीच्या परीक्षेला बसली. ते पान तिसऱ्या आठवड्यात निघालं. ते कुणी केलं होतं, हे शेवटपर्यंत कळलं नाही, असं सगळे म्हणतात. माझ्या मते पुष्कळांना कळलं होतं.

आता खरी गोष्ट. हे सगळं सरांनी ऐकलं आणि ते खुर्चीत पुढं सरकून बसले. "हेच तुझं पाचवं प्रकरण. असं काम विद्यापीठात कुणी केलेलं नाही." रेहानानं ते लिहिलं, नाव-गाव बदलून, चाळीस पानं. मी डीटीपीच्या दुकानात काम करायची, मीच टाइप केलं. इतकं चांगलं लेखन मी तोवर ओळखीच्या कुणाचं वाचलं नव्हतं. सर्वांनी गृहीत धरलं होतं, ही पहिली येणार आणि पुढं शिष्यवृत्तीवर पीएच.डी. करणार. फक्त रेहाना म्हणाली, "जिचं हाय तिले वाचून दाखवून येते." आम्ही पुन्हा अहेरी गाठली. खालाच्या मागच्या अंगणात बसून तिनं चाळीसही पानं वाचली, अवघड शब्द सोपे करून. सुनंदा मान खाली घालून ऐकत होती. संपल्यावर म्हणाली, "ताई, चांगलं लिवलं. पण नाव बदललं तरी अहेरीत कॅफे एकच हाय. सारे ओळखतीन मले. एकदा त्यायनं छापलं... आता तुमी छापून राह्यल्या."

परतीच्या गाडीत आष्टीचा पूल येईपर्यंत रेहाना ती चाळीस पानं पुन्हा चाळत होती. पूल ओलांडल्यावर म्हणाली, "काढून टाकते." मी तिच्यावर ओरडले. येडी आहेस, म्हटलं. सहा महिन्यांची मेहनत, आणि पुन्हा हे लिहिल्यानं उद्या दहा मुली बचावतील. हे मी तेव्हा मनापासून म्हणाले होते, आणि ते सगळंच चूक होतं असं मला आजही वाटत नाही. पण पुढं मी जे केलं ते मात्र चूकच होतं. टाइप केलेली प्रत माझ्याकडं होती. ती मी तिला न विचारता सरांना नेऊन दिली. सरांनी ती नागपूरच्या एका चर्चासत्रासाठी निवडली. रेहानाला कळलं तेव्हा ती सरांच्या खोलीत गेली आणि प्रत परत मागितली. सर म्हणाले, "अगं, नाव बदललंय ना?" ती म्हणाली, "सर, तिनं नाई म्हटलं." प्रत घेऊनच बाहेर आली. माझ्याकडं तिनं पाहिलंसुद्धा नाही.

मी इब्राहिमचाचांकडं गेले, त्यांनी तिची समजूत काढावी म्हणून. चाचा एका टेपरेकॉर्डरचं पोट उघडून बसले होते. सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "बेटी, लोग मशीन देते हैं तो कभी कभी अंदर कॅसेट रह जाती है. किसी की शादी की, किसी के मरे हुए बाप की आवाज़. मैं निकालके अलग रख देता हूँ, सुनता नहीं. मशीन बनाने को दी है, कॅसेट नहीं दी." पुन्हा ते कामाला लागले. मी दुकानाची पायरी उतरून घरी आले.

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, चारनंतर एकदम निष्कर्ष कसे? मधलं प्रकरण कुठं आहे? ती म्हणाली, "ते एका मुलीचं होतं, तिनं परत मागितलं." त्यांनी सरांकडं पाहिलं, सरांनी खिडकीकडं. रेहानाला दुसरा वर्ग मिळाला. शिष्यवृत्ती गेली. शिष्यवृत्तीची यादी लागली त्या दिवशी ती चंद्रपुरातच होती, आणि दुपारी वडिलांच्या दुकानात एका टीव्हीचं काम करत बसली होती, असं सलीमभाऊंनी मला परवा सांगितलं. माझ्याशी ती दोन महिने बोलली नव्हती. मग एके दिवशी डीटीपीच्या दुकानात येऊन उभी राहिली. "चाल, अहेरीले जायचं हाय. एकटीले घरून सोडत नाई." मी माफी मागायला लागले तर म्हणाली, "गाडी सुटते, गाडीत मांग."

पुढं ती गडचिरोलीच्या कॉलेजात तासिकेवर शिकवायला लागली. तोवर मोबाइल आले होते, मग कॅमेऱ्याचे मोबाइल आले. पीएच.डी. झालेल्या कुणाला मिळाल्या नसत्या एवढ्या गोष्टी तिला लोक आपण होऊन सांगायचे. मुली चिठ्ठ्या घेऊन यायच्या, एकदा एक पोलीसपाटील आला होता. दवाखान्यात शेवटचं भेटले तेव्हा डोळे हळदीसारखे पिवळे झाले होते, पण आवाज तोच. माझ्या शाळेत मुलांच्या हातात मोबाइल किती, ते पाहून मला एक तक्ता करून दे, असं तिनं फर्मावलं. तो तक्ता अर्धा झालाय. मी तो पुरा करणार आहे.

तिजाच्या, म्हणजे मृत्यूनंतरच्या तिसऱ्या दिवशी, रेहानाच्या जटपुऱ्याच्या घरी सुनंदा भेटली. आता ती परिचारिका आहे, दोन मुलांची आई आहे. हे लिहायचं माझ्या मनात आलं तेव्हा मी आधी तिला विचारलं. छापण्याआधी मजकूर वाचूनही दाखवला. दोन ओळी तिनं काढायला सांगितल्या, मी काढल्या. बाकीचं ऐकून म्हणाली, "आता मले भेव नाई, ताई. लिवा."

गेल्या आठवड्यात मी रेहानाचं सामान आणायला गडचिरोलीच्या कॉलेजात गेले. लोखंडी कपाटात तिच्या विद्यार्थ्यांच्या पाहणीच्या वह्या होत्या, तीसेक तरी. मी सहज एक उघडली. शेवटच्या पानावर, ज्या बाईची मुलाखत होती तिचा अंगठा होता आणि वर लिहिलेलं होतं, 'वाचून दाखवलं. चालते म्हणाली.' दुसरी उघडली, त्यातही तसंच. एकीत मधला सबंध परिच्छेद खोडला होता, बाजूला रेहानाच्या अक्षरात लाल शाईनं एकच शब्द, 'काढा.' मी वह्या दोरीनं बांधायला घेतल्या तर दारात एक मुलगी येऊन थांबली. पाठीला पिशवी, कपाळावर घाम.

"बाई, त्यातली एक वही मले पाह्यजे," ती म्हणाली. "माही हाय. त्या आजीले वाचून दाखवाचं राह्यलं."

"आता परीक्षा कुठं आहे? आता कोण तपासणार?" मी विचारलं.

तिला माझा प्रश्न कळलाच नाही असं तिच्या चेहऱ्यावरून वाटलं. "पण आजीले वाचून दाखवाचं हाय ना," ती पुन्हा म्हणाली.

मी दोरी सोडली, तिची वही शोधून तिच्या हातात दिली. दुपारची एसटी लागलेली होती, ती पळतच गेली.