चांगदेवचं सॉरी

चांगदेव तीस वर्षं मुंबईच्या गोदीत राबला आणि दिघीजवळच्या आमच्या गावात परतला तो एक इंग्रजी शब्द घेऊन. सॉरी. कुणाच्या पायावर पाय पडला, सॉरी. कुणाची कोंबडी सायकलखाली आली, सॉरी. शब्द टाकायचा आणि मान ताठ ठेवून पुढे चालायचं. मला तर त्या शब्दाचा भयंकर राग यायचा.

त्रेपन्न सालच्या पौषात त्याच्या बैलाने बाबाजीचं वालाचं शेत फस्त केलं. आमच्या गावकीची रीत साधी. ज्याची चूक, त्याने चारचौघांत नारळ ठेवायचा, वाकायचं, विषय संपला. चांगदेव म्हणाला, "सॉरी बोललोय. सायबांत येवढ्यावर मिटतं."

मग गावकीही हट्टाला पेटली. नारळ येईपर्यंत त्याच्या दारात कुणी पाऊल टाकायचं नाही. माघात त्याच्या मुलीचं, सत्यवतीचं लग्न. आमच्याकडे मांडव गावच घालतं, आणि लग्न आठ दिवसांवर आलं तरी एक बांबू हलला नव्हता. त्याची बायको नीराबाई रडून अर्धी झाली, पण हा हटेना.

शेवटी गावकी चांगदेवला समोर बसवून पुन्हा बसली. ह्या शब्दाचं मूळ तरी कळू दे, म्हणून शाळेच्या दत्तात्रेय गुरुजींना जाडजूड कोशासकट बोलावलं. गुरुजींनी चष्मा पुसला, पानावरून बोट फिरवलं.

"आता लोक हा माफीसाठी वापरतात," ते म्हणाले. "पण जुन्या इंग्रजीत तो दुखण्यावरून आलाय. बोलणाऱ्याला आतून दुखतंय, असा मूळ अर्थ."

चांगदेव उडालाच. "मंजे तीस वर्सं मी सायबाला सांगत व्हतो का माजं दुखतंय? आनि एकानंबी इचारलं न्हाय?"

सगळे खदाखदा हसले, सगळ्यांत मोठ्याने मी. बाबाजी तेवढा हसला नाही. तो सरकत सरकत चांगदेवच्या शेजारी जाऊन बसला.

"मी इचारतो. कुटं दुखतंय रं चांगू?"

चांगदेवने बाबाजीकडे पाहिलं. गोदीतून आणलेली ती ताठ मान हळूहळू खाली गेली.

"पोरीला मांडव न्हाय, बाबाजी."

मला माझ्या हसण्याची लाज वाटली. बाबाजी उठला, धोतर झटकलं आणि गावकीकडे वळून म्हणाला, "बसलाव काय? माज्या परसात बांबू हायत. कोयते काढा."