बुडेल ते बाजूला

धुळ्याच्या देवपुरात भागाबाईला लोक तिच्या आवाजावरून ओळखतात. पांझरेच्या या काठावर ती बोलली की त्या काठावर ऐकू जातं, असं तिचा नवरा पुना म्हणतो, आणि त्यात फारसं खोटं नाही. तरुणपणी ती जिनिंगमध्ये कापूस निवडायची. तिथल्या खडखडाटात ओरडल्याशिवाय बोलणंच पोहोचायचं नाही. तिथे चढलेला आवाज पुढे उतरला नाही.

जिनिंग बंद पडल्यावर दोघं गावाबाहेरच्या एका कारखान्यात लागले. तिथे टाकाऊ प्लास्टिकपासून तेल काढतात. मोठ्या बंद पिंपात प्लास्टिक कोंबायचं, हवा लागू न देता खालून तापवायचं आणि निघालेली वाफ नळ्यांतून गार करायची. मग काळपट, उग्र वासाचं तेल ठिबकतं. ते कारखान्यांच्या बॉयलरला जळण म्हणून जातं. पुना भट्टीवर होता, भागाबाई निवडीवर. आधी बहुतेक माल रावेर-यावलच्या केळीबागांतून यायचा. घडांवर चढवलेल्या निळ्या पिशव्या असायच्या, चिकाचे डाग पडलेल्या, एकमेकींना चिकटलेल्या. मग एका वर्षी समुद्राकडचा माल सुरू झाला.

तो आणला मोहिनीने. ती जळगावची, एका संस्थेत काम करणारी. रायगडच्या किनाऱ्यावरच्या एका कोळीवाड्यात बायका भरती ओसरली की वाळूत पडलेलं प्लास्टिक वेचायच्या. संस्था ते विकत घ्यायची आणि मुंबईकडे केळी टाकून रिकाम्या परतणाऱ्या ट्रकांतून धुळ्याला पाठवायची. आलेल्या पैशातून त्या बायकांना मासळी सुकवायला सिमेंटचे ओटे बांधायचे होते. वाळूत सुकवलेला जवळा दाताखाली कचकचतो, त्याला गिऱ्हाईक नाही.

भागाबाईला यातलं काही ठाऊक नव्हतं. ती ओळखायची फक्त गोण्या. तोंड सोडलं की खारट, कुजका वास यायचा. चपला, दोऱ्या, बाटल्या, जाळ्याची भेंडोळी आणि तळाशी ओली वाळू. ती तोंडाने शिव्या घालायची, पण हाताने नीट निवडायची. पाइपचे तुकडे, रेनकोट, वायरींची सालं असलं काही तिने भट्टीकडे जाऊ दिलं नाही. ते तापलं की त्यातून तेजाबाची वाफ सुटते आणि आतलं लोखंड खाते, हे पुनाने तिला सुरुवातीलाच सांगून ठेवलं होतं.

लेकीच्या, रूपाच्या, दुसऱ्या बाळंतपणासाठी भागाबाई बोदवडला गेली होती, तेव्हा फोन आला. पिंपाच्या मानेची नळी फुटली होती आणि उकळतं तेल पुनाच्या उजव्या हातावर नि मानेवर उडालं होतं. ती भुसावळमार्गे मिळेल त्या गाडीने दवाखान्यात पोहोचली. पुना शुद्धीवर होता. तिला बघून म्हणाला, "नातू कसा शे?"

पुना वाचला, पण बोटं वळेनात. घरी आणल्यावर ती त्याला घास भरवायची आणि तो नजर दुसरीकडे करून खायचा.

कामावर परतली तेव्हा मॅनेजर योगराजने तिला आतून पोखरलेली नळी दाखवली. शेजारी समुद्राच्या उरलेल्या गोण्या होत्या. त्यांत पांढऱ्या पाइपचे तुकडे होते, रेनकोट होते.

"बघ काय भरून पाठवलंय त्या समुद्रावरच्या कोळणींनी," योगराज म्हणाला.

भागाबाईने ते शब्द मनात धरले. अपघाताचं कळल्यावर कारखान्यात आलेली मोहिनी तिथून कोळीवाड्यात जायला निघाली, तेव्हा ही आपण होऊन गाडीत बसली. तिला त्या बायकांना तोंडावर विचारायचं होतं.

समुद्र तिने पहिल्यांदाच पाहिला. बायका एका घराच्या पडवीत जमल्या होत्या. त्यांची पुढारीण पोशीबाई, भागाबाईच्याच वयाची, कोपऱ्यात कोळंबी सोलत बसली होती.

भागाबाई उभ्यानेच सुरू झाली. "तुम्हना कचरानी मन्हा माणूसना हात जाळी टाका!"

तिची अहिराणी पुरती न कळून बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. मोहिनी मध्ये पडली. "त्या म्हणतायत, मालाबाबत थोडी अडचण आली…"

"मी जसं बोलनू तसंच सांग, माय. गोड करू नको."

मग मोहिनीने सगळं सांगितलं. नळी, तेल, पुनाचा हात, न वळणारी बोटं. पोशीबाईने कोळंबीचं ताट बाजूला सरकवलं.

"आमाला सांगितलं, प्लास्टिक उचला. समुद्र टाकतो ते आमी उचललं. कुठलं चालतं, कुठलं नाय, आमाला कोनी बोललं?" तिने मोहिनीकडे बघितलं. मोहिनीने मान खाली घातली. पोशीबाई पुन्हा भागाबाईकडे वळली. "तुमच्याकडं आगीत घालायच्या आधी कोनी बघत नाय?"

"बघतस ना. मी बघस."

"मग तवा कुठं होतीस?"

"लेकना बायतपनले."

"मग तुज्या जागी कोन होता?"

समुद्राच्या गोण्यांवर भागाबाईच्या जागी कुणालाच बसवलं नव्हतं. माल लवकर द्यायचा म्हणून योगराजने गोण्या तशाच भट्टीकडे ढकलल्या होत्या. निवडीवरच्या दुसऱ्या बाईने तिला हे आधीच सांगितलं होतं, पण रागाच्या भरात तिने ते कानाआड केलं होतं. ती खाली बसली. कुणीतरी तिच्या पुढ्यात चहा ठेवला.

मग तिने घमेलं मागितलं. पाणी ओतलं, विळीवर पिशवीचा तुकडा केला, पाइपचा केला आणि दोन्ही पाण्यात टाकले. पिशवीचा तुकडा तरंगला, पाइपचा तळाला गेला. ती मोहिनीला म्हणाली, "सांग त्यास्ले. आख्खी वस्तू टाकू नका, हवा धरीसन ती बी तरंगस. तुकडा करा. बुडी ते बाजूले."

मोहिनी सांगायच्या आधीच पोशीबाईने दोरीचा तुकडा कापून पाण्यात टाकला होता.

धुळ्याला परतल्यावर भागाबाई योगराजच्या टेबलासमोर उभी राहिली. निवड झाल्याशिवाय भट्टी पेटवायची नाही, मी असो की नसो, एवढंच म्हणाली. योगराज "बघू" म्हणाला. पुढच्याच आठवड्यात न निवडलेला माल भट्टीकडे निघाला, तेव्हा भागाबाई आणि निवडीवरच्या बाकी बायका पिंपाच्या झाकणासमोर जाऊन बसल्या. योगराज ओरडला. भागाबाई त्याच्याहून मोठ्याने ओरडली. दुपारी मालक आले, झाला प्रकार ऐकून घेतला आणि गोण्या निवडीला परत पाठवल्या. त्यानंतर न निवडलेला माल भट्टीकडे गेला नाही. पुनाला गेटवर बसायचं काम मिळालं. ते त्याला आवडत नाही, पण तो जातो.

कोळीवाड्यात दोन ओटे झाले. यंदा संस्थेने किनाऱ्यावरच छोटी भट्टी बसवली, त्यामुळे समुद्राच्या गोण्या धुळ्याला येणं बंद झालं. भट्टी पेटवायच्या दिवशी सकाळी पोशीबाईचा फोन आला.

"निवडायला माजी सून बसवली हाय. ती बोलली, एक गोणी नको, तर संस्थेचा मोठा साहेब बोलतो, चालंल. काय करू?"

भागाबाई केळीच्या पिशव्यांच्या ढिगात बसली होती. हात चिकाने भरलेले, म्हणून फोन खांद्याने कानाशी दाबला होता.

"सुनले सांग, झाकनसमोर बस," ती म्हणाली. "आन् तू बी बस तिनाजोडे."

"बोलते तिला," पोशीबाई म्हणाली आणि फोन ठेवला. भागाबाईने पुढची गोणी ओढली.