तोंड भायेर

कर्जतला बाजारतळाकडं वळलं की कारभारी आण्णांचा फोटो स्टुडिओ लागतो. त्याच्या मागच्या भिंतीवर अठरा वर्षं एक पडदा चार खिळ्यांवर टांगलेला होता. मांजरपाटावर सरसाच्या रंगानं काढलेलं तळं, पायऱ्या, पाण्यात दोन राजहंस. ते काम नगरच्या एका पेंटरचं. पण हंसांच्या मागं तिसरं पाखरू होतं, ते आण्णांच्या बायकोचं, मनकर्णाबाईचं. तिथं उदबत्तीनं डाग पडला होता. तो झाकायला तिनं उरलेल्या रंगात हंस काढायला घेतला आणि झालं बदक.

दिवाळीनंतर ऊसतोडीला निघालेली कुटुंबं फोटो काढायला यायची. एखादी म्हातारी हटकून विचारायची, ह्यो हंस आजारी हाय का गं? मनकर्णाबाई म्हणायची, त्यो माझ्या माहेरचा हाय, त्याला नावं ठिवू नका. माणसं हसायची, तेवढ्यात आण्णा बटण दाबायचे. आण्णांच्या फोटोत माणूस खुलून दिसतं, असं सगळा तालुका म्हणायचा. हसवणारी पडद्याच्या कडेला उभी असायची, ती काही फोटोत यायची नाही.

ती जाऊन आठ महिने झाले. लेकीनं, दिपालीनं, धंदा हातात घेतला. बारशाचे, डोहाळजेवणाचे फोटो काढायचे तर साधे रंगीत पडदे पाहिजेत, खिळ्यावरच्या तळ्यासमोर आता कुणी उभं राहत नाही, असं तिचं म्हणणं. तिनं छताला टांगायचे तीन रोलर मागवले. साखळी ओढली की पडदा खाली, उलटी ओढली की वर. पांढरा, राखाडी आणि पिस्ता. आण्णा म्हणाले, तिसऱ्यावर तळं लागंल. त्यावरून बापलेकीचं दोन दिवस बोलणं बंद. शेवटी दिपालीच नमली.

"पण आण्णा, ते गुंडाळलं जाईल का? रंग किती जुना झालाय."

"तुझी आई रोज गुंडाळायची," आण्णा म्हणाले.

ते खरंच होतं. अठरा वर्षांपूर्वी स्लॅबचं घर बांधलं, त्याआधी संसार एका खोलीत होता; दिवसा तिथं स्टुडिओ आणि सांजच्याला घर. भाकरी टाकायच्या आधी मनकर्णाबाई पडदा उतरवून, गुंडाळून आढ्याला ठेवायची. आण्णा तेव्हा कॅमेरा पुसत बसलेले असायचे.

मे महिन्यातल्या एका सकाळी वेल्डिंगवाला सुनील ड्रिल घेऊन आला. पाण्याच्या नळीनं लेव्हल धरली, स्लॅबला भोकं पाडली, लोखंडी पट्ट्या बोल्टानं आवळल्या, त्यांत तिन्ही पाइप बसवले. दुपारपर्यंत पांढरा आणि राखाडी चढले. मग आण्णांनी स्वतः खिळे उपसले. दिपालीनं हात लावायला घेतला तर नको म्हणाले. चित्राला धूळ लागू नये, खरचटू नये, म्हणून त्यांनी ते आतल्या बाजूला घेतलं आणि लेकराला दुपट्यात घ्यावं तसा जपून पडदा पाइपावर गुंडाळला. गुंडाळताना बारीक करकर ऐकू येत होती. नवा पाइप हाय, वाजणारच, असं त्यांना वाटलं.

सुनीलनं पाइप वर अडकवला. आण्णांनी साखळी ओढली.

पडदा उतरायच्या आधी रंग उतरला. पायऱ्यांचे पोपडे, पाण्याचे निळे तुकडे फरशीवर पडत राहिले. सुनीलनं साखळी धरेपर्यंत तळं खाली आलं होतं. दोन्ही हंसांना तडे गेले होते, पण ते जाग्यावर होते. बदकाच्या जागी कापड उघडं पडलं होतं, आणि त्यावर उदबत्तीचा तपकिरी डाग.

सुनील हळूच म्हणाला, "आण्णा, रंगाचं तोंड भायेर ठिवून गुंडाळायचं असतंय. आत घेतलं की चुरगळतंय."

आण्णा खाली बसले. त्यांना आता ऐकू आलं. रोज सांजच्याला कुणाला न सांगता, आपली आपणच मनकर्णा पुटपुटायची: तोंड भायेर, तोंड भायेर. मग आपलं जुनं लुगडं वरून गुंडाळायची. तीस वर्षांमागं त्यांनी एकदा चिडवलंही होतं, कुनाचं तोंड भायेर काढतीस गं? ती हसली होती. कशाचं, ते त्यांनी तेव्हा विचारलं नव्हतं.

दिपालीनं केरसुणी आणली आणि तशीच भिंतीला टेकवली. पेंटरकडनं परत काढून घेऊ, म्हणाली. फोटोंत बदक कितीतरी ठिकाणी आहे, बघून काढता येईल.

"पेंटर हंस काढंल," आण्णा म्हणाले.

मग ते उठले, आत गेले आणि पेटीतलं एक हिरवं लुगडं घेऊन आले. सुनीलला पडदा खाली उतरवायला लावला. आता काय उरलंय त्यात, असं सुनीलच्या तोंडावर आलं होतं, पण त्यानं पाइप सोडवून खाली दिला.

"दिपे, तू ते टोक धर," आण्णा म्हणाले. "सावकाश. तोंड भायेर."