ब्रेकबाईंच्या मनातली पाल

मोटार शिकवणाऱ्या त्या बाईंना सगळे ब्रेकबाई म्हणायचे, आणि ते काही उगीच नाही. शिकणाऱ्याच्या शेजारी बसायचं, आपल्या पायाखालच्या जादा ब्रेकवर पाय ठेवायचा आणि मनात पाल चुकचुकली की दाबायचा, यातच त्यांचं निम्मं आयुष्य गेलेलं. एकदा मोकळ्या रस्त्यावर त्यांनी कचकन ब्रेक मारला. शिकणारा म्हणतोय, "अहो बाई, समोर चिटपाखरू नाही!" आणि तेवढ्यात कडेला उभ्या असलेल्या मोटारीचं दार धाडकन उघडलं. तेव्हापासून बाईंची पाल चुकचुकली म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

मोटार शिकवायच्या त्या शाळेच्या मालकांना मात्र प्रत्येक गोष्टीला पुरावा लागे. चहा गार झालाय म्हटलं तरी कपात बोट बुडवून बघणारा माणूस. पण बाईंनी 'तयार' म्हटल्याशिवाय तेही कुणाला परीक्षेला पाठवत नसत.

आणि आता बाईंची सख्खी धाकटी बहीणच शिकायला आलेली. धाकटी नर्स. डोंगरातल्या गावांसाठी फिरता दवाखाना निघणार होता. त्याची गाडी स्वतः चालवायची, राहायचंही तिकडेच. महिनाअखेरपर्यंत लायसन्स मिळालं तर जागा तिची, नाहीतर दुसरी कुणी तयारच होती.

"बाई, तिला अजून का अडवलंय?" मालकांनी विचारलं. "आरसा बघते, गिअर चोख टाकते, चढावर गाडी तसूभर मागे येत नाही."

"मन घेत नाही हो."

"पुरावा काय?"

"मनाला कुठला आलाय पुरावा! ते दार तुमच्या पुराव्यानं दिसलं असतं का?"

मालकांनी मान डोलावून वही मिटली. एरवी बाईंनी ही गंमत घरी जाऊन तिखटमीठ लावून सांगितली असती. आज त्या नुसत्याच गाडीपाशी गेल्या आणि मघाशी पुसलेली काच पुन्हा पुसत बसल्या.

घरीही तेच. आई गेल्यापासून दोघी बहिणी दोन खोल्यांत राहत होत्या. बाई कपाट उघडायच्या आणि कशाला उघडलं तेच आठवायचं नाही. खिडकी लावायची, पुन्हा उघडायची. दूध समोर उतू गेलं तरी भान नाही.

"ताई, एका जागी बस बघू," धाकटी वैतागली. "आणि माझं चुकतंय कुठे ते एकदाचं सांग."

"क्लच जरा लवकर सोडतेस."

"काल आरशाचं म्हणालीस. परवा म्हणालीस, वळणावर घाई करतेस. नक्की काय ते ठरव ना!"

"मला तुझी काळजी वाटते गं. घाटातले रस्ते ते. पोटात गोळा येतो माझ्या."

धाकटीनं निमूट उद्याची शिकवणी कबूल केली. ताईच्या पोटातल्या गोळ्यानं माणसं वाचलेली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघी पुलाकडच्या रस्त्याला लागल्या. धाकटी खरंच छान चालवत होती. मागे भाजीचा टेम्पो होता, पुढे रस्ता मोकळा. धाकटी खुशीत होती.

"ताई, तिकडे खोली बघितली मी. लहान आहे, पण खिडकी केवढी मोठी! एकटीला तर..."

कचकन ब्रेक!

मागून टेम्पोचे टायर किंचाळले. अगदी वीतभर अंतरावर तो थांबला, आणि टेम्पोवाल्यानं डोकं बाहेर काढून दोघींचा असा काही उद्धार केला की विचारू नका. धाकटीनं गाडी कडेला घेतली.

"काय दिसलं तुला?"

बाई समोर बघत राहिल्या. रस्ता, दिव्याचे खांब, पूल. बाकी काही नाही.

"ताई, काय दिसलं?"

"काही नाही."

धाकटीनं किल्ली फिरवून गाडी बंद केली. मग जुळवत जुळवत बोलू लागली, अगदी मालकांसारखी. "आत्ता मी खोलीचं बोलले आणि तू ब्रेक मारलास. परवा वळणावर मारलास, तेव्हा मी सामान कधी न्यायचं ते विचारत होते. त्याच्या आधी तिथल्या डॉक्टरीणबाईंचा फोन आला होता, तेव्हाही. मी नुसती चालवत असते तेव्हा तुझा पाय हलतसुद्धा नाही. तुझ्या मनातली पाल रस्त्याबद्दल बोलतच नाहीये, ताई."

बाईंना संताप आला. चल, काहीतरीच, असं म्हणायला त्यांनी तोंड उघडलं आणि भलतंच बाहेर पडलं.

"नको ना जाऊस. घरी कुणी नसलं तर मी घरी तरी कशाला येऊ?"

"अगं, मग हे सांगायचं होतंस!" धाकटीचे डोळे भरले, आणि रागही गेला नाही. "महिनाभर त्या बिचाऱ्या क्लचला कशाला नावं ठेवलीस? मला वाटायला लागलं होतं, माझ्या हातून कुणीतरी मरणार."

हे मात्र बाईंना लागलं. आपण बहिणीला भीती घातली, आणि तीही आपलीच. त्यांना स्वतःची लाज वाटली.

"जाणारच आहेस ना तू?"

"ते तुझ्यावर आहे. तू नाही म्हणालीस तर मालक पाठवणार नाहीत, आणि मीही तुझ्या शब्दाबाहेर जाणार नाही." धाकटीनं किल्ली फिरवली नाही. "पण शिकवणारी म्हणून सांग. मला चालवता येते का?"

टेम्पो केव्हाच निघून गेला होता. बाईंनी हात मांडीवर ठेवले, उचलले, पुन्हा ठेवले. नाही म्हणणं किती सोपं होतं! कुणीही पुरावा मागितला नसता.

"येते गं," त्या म्हणाल्या. "छान येते." आणि त्यांना रडू आवरेना.