बेलाची पाने ठेवलेला डबा

नोकरीत हाताळलेली बरीच प्रकरणे आता डोक्यात एकमेकांत मिसळून गेली आहेत, पण उदगीरचे ते एक प्रकरण अजून जसेच्या तसे डोळ्यांसमोर उभे राहते. त्यात दरोडा नव्हता, हत्यार नव्हते. होता फक्त प्रोटीन पावडरचा एक डबा, आणि त्यापायी एका नव्या सुनेवर कोठडीत जायची पाळी आली होती.

मी तेव्हा उदगीरला पोलीस निरीक्षक होतो. सकाळची हजेरी चालू असताना ठाणे अंमलदाराने फोन माझ्या हातात दिला. बोलणारा नाव सांगेना.

"साहेब, मोंढ्यामागच्या गल्लीत सुनेनं दिराला दुधातून विष घातलंय. पोरगं बोलंना झालंय. लवकर या, न्हाईतर ती मुखेडला माहेरी पळून जाईल."

निनावी फोनवर सगळा विश्वास ठेवू नये आणि तो कानाआडही टाकू नये. स्टेशन डायरीत नोंद करतोय तोवर सरकारी दवाखान्यातून रीतसर खबर आलीच. तरुण मुलगा, अंगभर गांधी उठलेल्या, ओठ आणि घसा सुजलेला, श्वास अडकलेला, विषबाधेचा संशय. त्याला लातूरला हलवले होते.

घर लिंगायत व्यापाऱ्यांचे. मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, अडतीचे दुकान. वडील वारलेले, थोरला मुलगा दुकान पाहायचा. त्याचे लग्न होऊन वर्षही झाले नव्हते. बायको मुखेडकडची. धाकटा पोलीस भरतीची तयारी करत होता. पळण्यात हरणासारखा, पण छाती काही मापात भरेना. म्हणून व्यायामशाळेतल्या पोरांचे ऐकून पावडर सुरू केलेली. रोज सकाळी मैदानावरून आला की वहिनी दुधात पावडर घालून पेला हातात द्यायची. त्या दिवशीही तिनेच दिला, आणि पेला रिकामा होतो न होतो तोच तो खाली कोसळला.

थोरला भाऊ रुग्णवाहिकेतून लातूरला गेला. आईला चक्कर आली म्हणून शेजारच्या बायांनी तिला घरीच ठेवून घेतले. आणि मुलांचा चुलता फिर्याद द्यायला ठाण्यात हजर झाला. मागे निम्मी गल्ली.

"वाटणीचा मामला हाय साहेब. दीर गेला की सगळं दुकान नवऱ्याचं. आजच्या आज आत घ्या तिला."

"तुम्ही दूध देताना पाहिलं?"

"न्हाई. पन तिच्याबिगर दुसरं कोन देनार?"

सुनेला महिला पोलिसासोबत माझ्या खोलीत बसवले. आधी पाणी दिले, मग चहा. घाबरलेल्या माणसाला एकदम प्रश्न विचारले की तो खरे बोलतानाही अडखळतो, आणि आपण ते अडखळणे खोटेपणाच्या खात्यात टाकतो. ही पोरगी अडखळत नव्हती. रडतही नव्हती. बाहेरच्या गर्दीला नेमके तेच खटकत होते.

"काय घातलं होतं दुधात?"

"पावडर. रोजचीच."

"रोजचीच म्हणजे कुठली? डबा कुठाय?"

"जुना डबा संपला तवा भाऊजींनी दुसरा आणला. मी पावडर आमच्या स्टीलच्या डब्यात ओतून घेतली. बाहेरचा डबा सैपाकघरात ठेवत न्हाईत आमच्यात."

"आणि मूळ डबा?"

"आत्याबाईंनी नेला."

सासूकडे शिपाई पाठवून विचारले, तर निरोप आला, "मला कसला डबा ठाऊक न्हाई." झाले! बाहेर गलका वाढला. सुनेने पुरावा नाहीसा केला असे चहाच्या टपरीपर्यंत पोचले. जाता जाता पोरगी एक वाक्य बोलली होती, तेवढे मात्र माझ्या मनात अडकून राहिले. "दोन-तीन दिवस झाले, दूध पिलं की ओठ चुरचुरतात म्हणत होते भाऊजी. मला वाटलं उन्हानं."

विष घालणारी बाई असली गोष्ट आपणहून सांगत नाही.

पण माझ्या वाटण्याला न्यायालयात काय किंमत? स्टीलच्या डब्यातल्या पावडरचा नमुना सीलबंद करून प्रयोगशाळेला पाठवला असता तरी अहवाल यायला महिने लागतात. लातूरचे डॉक्टर फोनवर म्हणाले, "घशात नळी आहे, तो बोलू शकत नाही. विष आहे की आणखी काही, सांगता येत नाही. पोटात नक्की काय गेलं ते कळलं तर आमचं काम सोपं होईल." मुलगा वाचला नाही तर खुनाचा गुन्हा, आणि पहिली अटक हिची. दिवस मावळायच्या आत काहीतरी ठरवणे भाग होते. महिला पोलीस आणि दोन पंच घेऊन मी त्यांच्या घरी गेलो.

आई भिंतीला टेकून बसली होती. डोळे कोरडे, ओठही कोरडे. मी विचारले, "मावशी, सकाळपासून काही खाल्लं का?"

"पूजा झाली न्हाई. पूजेबिगर पानीबी घेत न्हाई मी."

चुलता मागून म्हणाला, "साहेब, तुमी इचारा. पूजा काय, नंतर होईल."

उपाशी माणसाचा जबाब मी कधी घेत नसे. पोटात आग असली की तोंडून पहिले नाव निघते ते रागाचे. म्हटले, "मावशी, तुम्ही पूजा करून घ्या. आम्ही थांबतो." चुलत्याने कपाळाला हात लावला. पंचही घड्याळ पाहू लागले.

बाईने हातपाय धुतले, भस्म लावले, गळ्यातले इष्टलिंग तळहातावर घेतले. मग कोपऱ्यातून एक रुंद तोंडाचा काळा प्लास्टिकचा डबा पुढे ओढला, झाकण काढले आणि ओल्या फडक्यातून बेलाचे पान उचलले.

डब्यावर दंड फुगवलेल्या पैलवानाचे चित्र होते.

पूजा होईपर्यंत मी थांबलो. शेवटचे पान वाहून झाल्यावर विचारले, "मावशी, हा डबा कुठला?"

"ह्यो व्हय? पोराच्या पावडरीचा. चांगला दिसला, घासून घेतला. बेल ताजा राहतो." आणि मग तिचा हात तोंडावर गेला. मुलाच्या काळजीने सैरभैर झालेल्या बाईच्या गावीही नव्हते की पोलीस याच डब्याबद्दल विचारतायत. तिच्या लेखी तो आता बेलाचा डबा होता.

मी तो खिडकीशी नेला. शाकाहारी मालाची हिरव्या ठिपक्याची खूण समोरच होती. पण डबा घासताना तिची एक कड सुटली होती. पंचांना जवळ बोलावून मी ती नखाने उचलली. हिरवा ठिपका अख्खा निघून हातात आला आणि खाली मांसाहारी मालाची तपकिरी खूण दिसली. मागच्या बाजूला घटकांची मुंगीएवढ्या इंग्रजी अक्षरांची ओळ होती. माझा चष्मा ठाण्यात राहिलेला. महिला पोलिसाने वाचले आणि ती थबकली.

"साहेब, अंडं आहे यात. अंड्याच्या पांढऱ्याची पावडर. सगळ्यात पहिलं तेच लिहिलंय."

आईने हातातला बेल खाली ठेवला. त्या घरात सात पिढ्यांत अंडे आले नव्हते, आणि ते देवापाशी येऊन बसले होते. पण ती बाई विटाळाबद्दल एक शब्द बोलली नाही. म्हणाली, "साहेब, पोरगं बारकं असताना कुनाच्या तरी वाढदिवसाला केक खाऊन आलं. तवा असंच तोंड सुजलं होतं. मी म्हनलं नजर लागली. मीठ-मोहऱ्या उतरवून टाकल्या."

मी तिथूनच डॉक्टरांना फोन लावला. सगळे ऐकून ते म्हणाले, "अंड्याची अ‍ॅलर्जी. आता सगळं जुळतंय. काळजी करू नका, आम्ही बघतो." तेवढे ऐकून मी त्यांच्या ओट्यावर चक्क बसकण मारली. पंच पाहत राहिले, पाहोत बापडे.

पावडर विकणारा व्यायामशाळेचाच मालक. आला तेव्हा दंड दाखवणारा बनियन घालून, ऐटीत. मी डबा टेबलावर ठेवला आणि हिरवा ठिपका त्याच्या तळहातावर चिकटवला.

"हे कुणाचं काम?"

"कंपनीचं असंल साहेब."

"कंपनी एका डब्यावर दोन खुणा लावते होय?"

शिपायाने त्याच्या दुकानातून त्याच ठिपक्यांची अर्धी गुंडाळी आणून पुढ्यात ठेवली, तशी ऐट उतरली. "साहेब, आपल्या गावात अंड्याचा माल खपत न्हाई. पडून राहिला होता. पोरं बाकी काय बघत न्हाईत जी. पैलवान बघतेत अन् हिरवा ठिपका हाय का इचारतेत. ठिपका लावला, खपाया लागला. कुनाला काय झालं न्हाई आजवर."

त्याच्यावर फसवणुकीचा गुन्हा दाखल झाला. अन्न व औषध प्रशासनाला कळवून उरलेला माल जप्त केला. त्याचे एक वाक्य मात्र खोटे नव्हते. हा मुलगाही डबा उलटून पाहणारा नव्हता. शाकाहारी आहे ना, मग झाले.

दुसऱ्या दिवशी सुनेचा जबाब साक्षीदार म्हणून नोंदवायचा होता. मुखेडहून तिचे वडील पहिल्या एसटीने येऊन ठाण्याच्या पायरीवर बसले होते, मुलीला घेऊन जायला. जबाब नोंदवून झाल्यावर तिने विचारले, "साहेब, कागदावर माझं नाव राहील का?"

"राहील. साक्षीदार म्हणून. आरोपी म्हणून कुठेही नाही."

तेव्हा ती रडली. आदल्या दिवसापासून दाबून धरलेले सगळे बाहेर आले, आणि आमची महिला पोलीसही डोळे पुसू लागली.

सासू दाराशी येऊन उभी होती. व्याह्यांसमोर, शिपायांसमोर ती सरळ बोलली, "चुकलं माजं पोरी. लोकं बोलत होते अन् मी गप बसले. पोराची नळी काढली सकाळी, थोरल्याचा फोन आला. पहिलं काय बोलला म्हाईताय? वहिनीला काही करू नका म्हनला. चल लातूरला."

पोरीने एकदा वडिलांकडे पाहिले, मग सासूकडे. पदराने तोंड पुसून म्हणाली, "येते. पर ह्याच्या पुढं घरात काय बी आलं तर आधी मी वाचनार. मगच डब्यात ओतनार."

"वाच बाई," सासू म्हणाली. "माझ्या बेलावरचंबी वाच."

वडील हसले. मीही हसलो. ठाण्यात असे हसणे क्वचितच ऐकू येते. पुढे त्या मुलाने हरभरे आणि शेंगदाण्यांवर छाती मापात बसवली आणि तो आमच्याच खात्यात आला.

या प्रकरणाने मला एक शिकवले. काही वाईट घडले की लोक आधी देणारा हात पाहतात, आणि तो हात बाहेरून आलेल्या पोरीचा असला तर पुढचे काही पाहतच नाहीत. पोलिसाने तरी पाहावे. नोकरीत मी बऱ्याच अटका केल्या आणि त्यांबद्दल शाबासकीही मिळाली. पण आता संध्याकाळी निवांत बसलो की समाधान वाटते ते त्या न केलेल्या अटकेचे.