डाव्या हातातल्या बांगड्या

अन्याय झाला तो अमरावतीतल्या एका डायलिसिस विभागाच्या इन्चार्ज सिस्टरवर. गेल्या उन्हाळ्यात, सोमवारी, सकाळी सव्वानऊला. आणि तो मी केला.

शनिवारी आई चांदूर रेल्वेला भाचीच्या लग्नाला गेली होती. तिच्या डाव्या हातात रक्तवाहिन्या जोडून फिस्टुला केलाय. डायलिसिसच्या सुया त्यातच जातात. त्या हातात घट्ट काही घालायचं नाही, हे तिला पाठ आहे. पण मांडवात कासारीण बसलेली. "नवरीची मावशी, अन् एक हात रिकामा?" असं म्हणत तिनं दोन्ही हात बांगड्यांनी गच्च भरले. आई सोमवारी तशीच डायलिसिसला आली.

मी दारातून पाहिलं ते एवढंच : सिस्टर आईच्या बांगड्या फोडतायत, आई रडतेय, आणि बाबा बाहेर बाकावर धडधाकट बसलेत. मी भांडले. दुपारपर्यंत तक्रार लिहून दिली, अगदी मोर्चाच्या भाषेत. आईला काही विचारलंच नाही.

विचारलं ते संध्याकाळी. "काहून फोडू देल्या तू?"

"फोडल्या नाई. 'वाढवू का, मावशी?' असं इचारलं तिनं. खाली कापूस ठेवला, एकेक करून काढल्या. मी म्हनलं, याहीचं आयुष्य कमी होईन. तं म्हने, काकाले काई होत नाई बांगडीनं, तुमाले होते."

"मंग रडत काहून होती?"

"भेव वाटलं. हाताले नळी लावून आयकत होती, अन् लय येळ काईच बोलली नाई." मग आईनं माझी बोटं ओढून आपल्या हातावर ठेवली. आत बारीक थरथर होती, मांजर गुरगुरतं तशी. "हे बंद पडत आलं होतं. तू कधी हात लावून पायला का?"

नव्हता पाहिला. मी मोर्चांची पत्रकं वाटत फिरत होते.

दुसऱ्या दिवशी तक्रार मागे घ्यायला गेले. रुग्णालयाचे साहेब म्हणाले, नोंद झाली. आठवड्यात सिस्टरची बदली दुसऱ्या वॉर्डात झाली. व्हरांड्यात भेटल्या तेव्हा मला माफी मागताच येईना. त्यांनीच विचारलं, "मावशीचा हात रोज पाहून राहिली ना?"

सुई टोचण्याआधी प्रत्येकाचा हात ऐकायचा, हा त्यांचा नियम होता. आता घाईत तो राहून जातो. आईच आपला हात कानाशी धरून बसते.

सिस्टरना परत आणा, असा अर्ज मी विभागाच्या दाराशी ठेवलाय. पहिली सही माझी आहे. तुमच्या घरी कुणी डायलिसिसवर असेल, तर आज त्यांच्या हातावर हात ठेवा. मग या, आणि सही करा.