संघमित्राचा बार

गोरेगावात नंदकुमारच्या बारमध्ये कुंडलिक ग्लास धुवायचा. एका संध्याकाळी गल्ल्याजवळची महागडी बाटली नाहीशी झाली आणि नंदकुमारने भर गिऱ्हाइकांत कुंडलिकला कान धरून उठाबशा काढायला लावल्या. कुंडलिकची मुलगी संघमित्रा नेमकी तेव्हाच डबा घेऊन आली होती. शाळेच्या गणवेशात, दारात उभी राहून तिने ते पाहिलं. नंदकुमार हसून तिला म्हणाला, "बघून ठेव. मोठी झालीस की तुला पण घेऊ बारमध्ये."

बाटली दुसऱ्या दिवशी मॅनेजरच्याच कपाटात सापडली. माफी कुणी मागितली नाही. कुंडलिक परत कामावर गेला नाही, पुढे कुठेच टिकला नाही. मान वर करून बोलणंच त्याने सोडलं. संघमित्रा बारावीत असताना तो गेला.

ती वकिलीला गेली. पहिल्याच वर्षी सरांनी 'बार' शब्द समजावला. मुळात बार म्हणजे आडवा दांडा. इंग्लंडच्या कोर्टात तसा कठडा असायचा, त्याच्यापाशी उभे राहणारे वकील म्हणून वकिलांचा तो बार. दारूच्या गुत्त्यातही मालक आणि गिऱ्हाईक यांच्यामध्ये आडवी फळी असायची. दारू फळीच्या आत, पिणारे बाहेर. हळूहळू फळीचं नाव अख्ख्या जागेला लागलं. वर्ग हसला. संघमित्रा हसली नाही. घरी येऊन तिने आईला, मीराला, सांगितलं, "तो म्हणाला होता ना, बारमध्ये घेऊ? जातेच आता."

सनद मिळाली, अंधेरीच्या कोर्टात जम बसला आणि ती कामाला लागली. कायदा असा, की वॉर्डातल्या निम्म्याहून जास्त बायकांनी मतपत्रिकेवरच्या आडव्या बाटलीवर शिक्का मारला तर तिथले बार बंद होतात. असं मतदान घ्या, या अर्जावर सह्या गोळा करत ती नंदकुमारच्या वॉर्डात दारोदार फिरली. त्याच वॉर्डात रतनशेठचाही छोटा बार होता. भला माणूस, कुंडलिक गेला तेव्हा धावून आलेला. त्याचाही धंदा बुडणार होता. संघमित्रा त्याची नजर चुकवून सह्या घेत राहिली.

मतदानाच्या आधी नंदकुमार घरी आला. "वकीलबाई, तुमचं-माझं काय वाकडं?"

"कुंडलिक आठवतो?"

त्याला आठवेना. तिने सगळं सांगितलं.

"अहो, धंद्यात होतं असं कधी कधी. काय करू, बोला."

"माझ्या आईसमोर कान धरा."

साठी उलटलेला माणूस. भिंतीला टेकत, धापा टाकत त्याने उठाबशा काढल्या. मीरा उठून आत गेली.

"आता मागे घ्याल ना सगळं?"

"मी कुठे म्हटलं तसं?" संघमित्राने दार उघडलं. "मतदान रविवारी आहे."

आडवी बाटली जिंकली. दोन्ही बारना सील लागलं. रतनशेठ बिऱ्हाड आवरून गावी गेला.

मीरा लेकीशी बोलेना. एकदाच म्हणाली, "म्हातारा माणूस गं. थांबवायचं तरी त्याला."

"बाबांना कुणी थांबवलं?" म्हणत संघमित्राने ताट ओढलं. तिला त्या दिवशी सपाटून भूक लागली होती.